सिगारेट सोडलेल्या माणसाला एकटे सोडू नका

सिगारेट सोडणाऱ्याचे कौतुक आपल्याकडे आठवडाभर चालते. अम्मी दुआ देते, बायको निर्धास्त होते, मित्र 'बघू किती दिवस टिकतोय' म्हणून पैज लावतात. मग विषय संपतो. चौथ्या महिन्यात, दहाव्या महिन्यात, दोन वर्षांनी त्या माणसाचे काय चालले आहे, हे विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही. तो सुटला, असे आपण धरून चालतो. आणि एखाद्या संध्याकाळी टपरीवर त्याच्या हातात पुन्हा सिगारेट दिसली, की निकालही लगेच देतो : 'याच्यात दमच नाही.'

हा निकाल अन्यायाचा आहे आणि निरुपयोगीही. व्यसनमुक्तीची आपली सगळी भाषा 'सोडण्या'ची आहे. पोस्टर, भाषण, खुतबा, शाळेतली शपथ, सगळीकडे एकच सांगणे : सोडा. सोडलेले टिकवायचे कसे, याबद्दल बोलणारे फार थोडे. टिकवणे हे फक्त इच्छाशक्तीचे काम आहे, असे मानून आपण ते त्या एकट्या माणसावर सोपवून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की, ते बऱ्याच अंशी भोवतालच्या व्यवस्थेचे काम आहे. आणि त्या व्यवस्थेत तुम्ही-आम्ही सगळे येतो, ज्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही तेसुद्धा.

आधी थोडे आकडे. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार भारतात १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि १०.७ टक्के लोक विडी-सिगारेट ओढत होते. पण त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक सोडण्याच्या विचारात होते आणि दर तिघांपैकी एकाहून अधिक जणांनी मागच्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केलेला होता. म्हणजे 'लोकांना कळत नाही' हा आपला आवडता समज खरा नाही. लोकांना कळते. लोक प्रयत्नही करतात. पण कोणत्याही मदतीशिवाय केलेल्या प्रयत्नांपैकी जेमतेम तीन ते पाच टक्केच सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे.

शंभरातले पंचाण्णव प्रयत्न ज्या पद्धतीत फसतात, तिथे दोष शंभर माणसांचा की पद्धतीचा?

शरीर महिनाभरात सावरते, सवय नाही

सिगारेटचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून तास-दीड तासाने पुन्हा तलफ येते. सिगारेट बंद केली की चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे, भूक वाढणे हे त्रास सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वाधिक असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार आठवड्यांत ओसरतात. पहिल्या आठवड्यातच बरेच लोक परत वळतात ते याच कारणाने.

पण मग सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा ओढू लागणाऱ्यांचे काय? त्यांच्या रक्तात तर निकोटिनचा मागमूसही नसतो.

साधा हिशेब करून बघा. दिवसाला दहा सिगारेटी, एका सिगारेटीला दहा झुरके, असे दहा वर्षे. तीन लाख पासष्ट हजार झुरके. त्यातला प्रत्येक झुरका कशाला तरी जोडलेला : जेवणानंतरचा, चहाबरोबरचा, बस चुकल्यावरचा, साहेबांनी झापल्यावरचा, पावसात टपरीच्या पत्र्याखाली उभे राहून मारलेला. आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्याही कृतीचा आपण इतका सराव केलेला नसतो. शरीर महिन्याभरात सावरते, पण ते तीन लाख पासष्ट हजार धागे एकेक करून सुटतात. पहिल्या महिन्यात रोजचे धागे सुटतात. वर्षातून एकदाच येणारे धागे, म्हणजे लग्न, मय्यत, जुन्या मित्रांची सहल, वर्षअखेरीचे काम, ते प्रसंग आल्याशिवाय सुटतच नाहीत. म्हणून आठ महिने सहज राहिलेला माणूस नवव्या महिन्यात एखाद्या वलीम्यात अडखळतो. त्याचा निर्धार तेव्हा कमी झालेला नसतो. तो प्रसंग सिगारेटीशिवाय त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेला असतो.

यात चहाची एक गंमत आहे, जी आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने निकामी करते. सिगारेट थांबली की हा वेग काही दिवसांत खाली येतो. म्हणजे चहाचे कप तेवढेच राहिले, तरी शरीरातले कॅफीन वाढते. मग छाती धडधडते, झोप लागत नाही, जीव अस्वस्थ होतो. माणसाला वाटते ही सिगारेटची तलफ. खरे तर तो चहाचा परिणाम असू शकतो. दिवसाला सहा कप पिणाऱ्याने सिगारेट सोडताना ते तीनवर आणले, तर हा त्रास बराच कमी होतो. मी सिगारेट सोडली त्याला आता सात वर्षे होतील. सुरुवातीच्या दिवसांत मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांमध्ये मला सर्वाधिक उपयोगी पडलेला सल्ला हाच होता. तो देणाऱ्या सहकाऱ्याने इच्छाशक्ती, निश्चय यातला एकही शब्द उच्चारला नव्हता.

रमजान काय दाखवतो

आपल्या मोहल्ल्यांत दरवर्षी एक मोठा प्रयोग होतो आणि आपण त्यातून काही शिकत नाही. दिवसाला पाकीट संपवणारा माणूस रमजानमध्ये सहरीपासून मगरिबपर्यंत बारा-चौदा तास सिगारेटला हात लावत नाही. एक दिवस नाही, तर सलग महिनाभर. एरवी 'मला दोन तासांवर जमतच नाही' म्हणणारा हाच माणूस असतो.

याचे श्रेय केवळ ईमानाला देऊन आपण थांबतो. श्रद्धेचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. पण त्या बारा-चौदा तासांत भोवती काय घडते ते पाहा. त्याला कुणी सिगारेट पुढे करत नाही. चहाची टपरी बंद असते किंवा पडद्याआड असते. जेवणाची सुट्टीच नसल्यामुळे जेवणानंतरची सिगारेटही नसते. घरातले, गल्लीतले, कारखान्यातले सगळे त्याच अवस्थेत असतात, त्यामुळे त्याच्या चिडचिडीला सगळे समजून घेतात. कधी संपणार हे ठरलेले असते. थोडक्यात, एका माणसाच्या निर्धाराभोवती अख्खा मोहल्ला कुंपण घालून उभा असतो.

आणि इफ्तार झाली की? खजूर, पाणी, नमाज, आणि मशिदीबाहेर पडल्यावर पहिली सिगारेट. ईदच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाकीट. तोच माणूस, तेच ईमान. बदललेले असते ते फक्त कुंपण. जी व्यवस्था दिवसाचे चौदा तास काम करते, ती तरावीहनंतरच्या गप्पांमध्ये आणि शव्वालच्या पहिल्या आठवड्यात आपण आपल्या हातांनी मोडतो.

भोवताल बदलला की काय होते, याचे एक फार गाजलेले उदाहरण दूरच्या युद्धातले आहे. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांपैकी बरेच जण हेरॉईनच्या आहारी गेले होते. १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. ते अचानक मनाने खंबीर झाले नव्हते. ती छावणी, ते साथीदार, ती भीती आणि हाताशी असलेला माल, हे सगळे मागे राहिले होते. सिगारेट सोडणाऱ्याची अडचण याच्या नेमकी उलट आहे. त्याला त्याच छावणीत राहून सोडायचे असते. तीच टपरी, तेच मित्र, तीच रात्रपाळी.

'एकच ओढ रे'

माझे मामू भिवंडीत पॉवरलूमवर होते. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि मधल्या सुट्टीत विडी, पुढे पगार वाढल्यावर सिगारेट. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिला झटका आला. डॉक्टरांनी सांगितले, त्यांनी सोडली. अकरा महिने राहिले. मग थोरल्या मुलीचा निकाह ठरला. वलीम्याच्या रात्री, सगळे आटोपल्यावर, खुर्च्या ओढून घरातली जाणती माणसे बसली. त्यांतल्या एकाने पाकीट पुढे केले. 'आज तर बेटीची शादी केलीस, आज एक चालते.' जबरदस्ती नव्हती. प्रेमच होते. नाही म्हणणे हा पाहुण्याचा अपमान ठरला असता, म्हणून मामूंनी घेतली. दोन आठवड्यांत ते पहिल्यासारखे ओढू लागले. दीड वर्षाने दुसरा झटका आला. तो सिगारेटमुळेच आला, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा सिगारेटमुळे वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. मामू त्या वर्षापासून एक महिना दूर होते.

त्या रात्री तिथे बसलेल्या कुणालाही आपण काही केले असे वाटत नाही. हेच मला या लेखातून सांगायचे आहे. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे पुढे करणे : पान, चहा, सिगारेट. ज्याने सोडली आहे त्याच्यापुढे पाकीट धरणे हा पाहुणचार नाही. मधुमेह असलेल्याच्या ताटात आपण आग्रहाने शीरखुर्मा वाढतो, तेवढाच तो घातक आग्रह आहे.

आणि 'एकच' का घातक, तेही समजून घ्यायला हवे. एका सिगारेटीने फुप्फुसांचे फार नुकसान होते म्हणून नाही. त्या एकीने सगळे जुने धागे पुन्हा एकदम ताणले जातात आणि 'एक चालली, म्हणजे अधूनमधून चालेल' असा नवा नियम मेंदूत लिहिला जातो. सोडलेल्या बहुतेकांसाठी 'कधीतरी एक' ही जागा अस्तित्वात नसते. तिथे थांबायचे ठरवून गेलेले बहुतेक जण थोड्याच दिवसांत रोजच्या संख्येवर आलेले असतात.

घसरणे आणि पडणे

मग एखाद्याने ओढलीच तर? इथे आपण दुसरा घोळ घालतो.

सॉफ्टवेअरच्या कामात एक चांगली रीत आहे. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला, लोकांची कामे खोळंबली, तर दुसऱ्या दिवशी बैठक होते. त्या बैठकीत 'कुणी केले' हा प्रश्न विचारायचा नाही, असा संकेत असतो. विचारायचे ते एवढेच : आधी काय घडले, कुठली तपासणी नव्हती, पुढच्या वेळी हे आपोआप कसे अडेल. कारण माणसाला दोषी ठरवले की माणूस माहिती लपवतो आणि तीच चूक पुन्हा होते. ही रीत सगळीकडे पाळली जाते असे नाही, पण जिथे पाळतात तिथे तिचा फायदा दिसतो.

सिगारेटच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. घसरलेल्या माणसाला लाज, तोबा, टोमणे. 'मला वाटलेच होते.' 'अल्लाहला काय तोंड दाखवशील?' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी जूडिथ गॉर्डन यांच्याबरोबर १९८५ साली व्यसन उलटण्यावर एक महत्त्वाचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. एकदा घसरणे आणि पुन्हा व्यसनात पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या दोघींना जोडणारा दुवा बऱ्याचदा अपराधाची भावना असते. 'नियम मोडलाच आहे, मी असाच आहे, आता काय उरले' असे वाटले की माणूस पाकीट विकत घेतो. ज्याला वाटते 'या एका प्रसंगात माझी तयारी नव्हती', तो दुसऱ्या दिवशी परत सावरू शकतो.

सिगारेट हराम की मकरूह, यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते. ती ज्यांना करायची त्यांनी करावी. पण गुन्हेगार ठरवल्याने माणूस सिगारेट सोडत नाही, लपवायला शिकतो. मग तो घरापासून दोन गल्ल्या लांब जाऊन ओढतो, वेलदोडा चघळत परत येतो. जो लपवतो त्याला मदत कुणी करायची? घसरलेला माणूस ज्या घरात त्याच रात्री येऊन 'आज एक ओढली' असे सांगू शकतो, त्या घरात त्याची सिगारेट सुटण्याची शक्यता जास्त.

तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक सिगारेट किरकोळ नाही. आणि एक सिगारेट म्हणजे सगळे संपले असेही नाही. त्या रात्री उरलेले पाकीट फेकायचे आणि कुठे, कुणाबरोबर, कशामुळे, एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारायचे.

माणसे गटागटाने सोडतात

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात हृदयविकारावर अनेक दशके अभ्यास चालू आहे. त्यातल्या १९७१ ते २००३ या काळातल्या बारा हजारांवर माणसांच्या नात्यांचे जाळे निकोलस ख्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या दोघांनी मांडून पाहिले आणि २००८ साली ते प्रसिद्ध केले. त्यांना दिसले की माणसे सुटीसुटी सिगारेट सोडत नाहीत, गटच्या गट सोडतात. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याने ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झाली. मित्राने सोडल्यावर ३६ टक्क्यांनी, आणि छोट्या कार्यालयात सहकाऱ्याने सोडल्यावर ३४ टक्क्यांनी. जे ओढत राहिले ते हळूहळू जाळ्याच्या कडेला ढकलले गेले.

याचा अर्थ असा की, चौघांच्या टोळक्यातला एक जण सोडतो तेव्हा त्याला वाचवण्याचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे दुसऱ्यानेही सोडणे. आणि ते जमत नसेल, तर निदान त्याला टोळक्याबाहेर पडावे लागणार नाही एवढे बघणे. कारण सोडणाऱ्याला सर्वाधिक बोचते ती निकोटिनची उणीव नव्हे, एकटेपण बोचते. आयटीतल्या कुणालाही विचारा. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत कंपन्यांच्या फाटकाबाहेरच्या टपऱ्यांवर नुसता धूर नसतो. तिथे कुणाची बदली होणार, पगारवाढ किती, कुठला प्रोजेक्ट बंद पडणार, हे कळते. तिथे साहेब मित्रासारखे बोलतात. सिगारेट सोडणारा माणूस त्या सगळ्याला मुकतो आणि 'पाच मिनिटे खाली जाऊन येतो' म्हणण्याचा त्याचा हक्कही जातो. ओढणाऱ्याला विश्रांती मिळते, न ओढणाऱ्याला कारण सांगावे लागते.

कुणी काय करायचे

घरच्यांनी पहिल्या महिन्यातली चिडचिड मनावर घेऊ नये आणि वजनावरून चिडवू नये. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. पोट सुटले म्हणून पुन्हा सिगारेट धरणारे कमी नाहीत. वजन नंतर उतरवता येते.

मित्रांनी एवढेच करावे : पाकीट पुढे करू नये, पैज लावू नये, आणि भेटायची जागा बदलावी. टपरीऐवजी कॅन्टीन, नाक्याऐवजी मैदान.

कंपन्यांनी विश्रांतीची वेळ सगळ्यांना सारखी द्यावी. जी पाच मिनिटे धुरासाठी मिळतात ती नुसते चालून येण्यासाठीही मिळाली पाहिजेत. पॉवरलूमच्या मालकांनाही हे लागू आहे. बारा तासांच्या पाळीत बसायला जागा नाही आणि विडीच्या निमित्ताशिवाय कुणाला बाहेर जाऊ देत नाही, तिथे कामगाराला 'सोड' म्हणणे ही थट्टा आहे.

मोहल्ला कमिट्या आणि मशिदींनी रमजानचे कुंपण पुढे वाढवावे. तरावीहनंतर मशिदीच्या दाराशी सिगारेट नको, वलीम्याच्या मंडपात नको, एवढे दोन नियम पुरे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या डॉक्टरांना बोलावून ईदनंतरच्या महिन्याची तयारी करून घेतली, तर दरवर्षी हातातून निसटणारी संधी थोडी तरी पकडता येईल.

सरकारने आपलेच कायदे पाळून घ्यावेत. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यावर बंदी घातली.  पण कुठल्याही टपरीवर जाऊन बघा. सोडलेला माणूस पाकीट विकत घेत नाही, त्याचा हात अडखळतो. तो एक मागतो. सुटी सिगारेट आणि दोरीला टांगलेला लायटर ही घसरणाऱ्यासाठीच केलेली सोय आहे. टपरीवाल्याच्या पोटाचे काय, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण त्याची टपरी चहा-बिस्किटावरही चालते. आणि त्याच टपरीभोवती ज्यांच्या घरातला कमावता माणूस पन्नाशीच्या आत जातो, त्यांच्या पोटाचा हिशेबही कधीतरी मांडायला हवा.

आणि स्वतः सोडणाऱ्याने? त्याने मदत घेण्यात कमीपणा मानू नये. औषधांच्या दुकानात निकोटिनचे च्युइंगम मिळते. ते साध्या च्युइंगमसारखे सतत चघळायचे नसते. हळूहळू चावून तोंडात चुरचुरले की गालात धरून ठेवायचे. डॉक्टर गरजेनुसार गोळ्याही देतात, आणि औषध व समुपदेशन दोन्ही मिळाले तर कोणत्याही एकापेक्षा जास्त फायदा होतो. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे. ओढणाऱ्यांच्या हातात तो रोज असतो, पण फिरवणारे थोडे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. सिगारेट सोडून गुटखा, मावा किंवा मिशरी धरणे म्हणजे सोडणे नव्हे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट तिथूनच जाते. हुक्का पाण्यातून येतो म्हणून धूर धुतला जातो, हाही भ्रम आहे. तासभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या कितीतरी पट धूर आत जातो. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. धागा तोच ठेवून फक्त टोक बदलले तर तो कधीही परत ओढून नेतो.

'शेवटी जबाबदारी त्याचीच ना?'

हो, त्याचीच. सिगारेट त्याच्या ओठांवर दुसरे कुणी ठेवत नाही. पण जबाबदारी त्याची आहे म्हणून ओझेही त्याने एकट्यानेच उचलावे, असे होत नाही. रोजा माणूस स्वतः ठेवतो, तरी सहरीला उठवणारा कुणीतरी असतो.

आणि हे ओझे उचलण्याजोगे आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेल्या रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवले की, तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत सरासरी दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीतही तीन. पण हा हिशेब सोडून पुन्हा धरणाऱ्याचा नाही, सोडलेली टिकवणाऱ्याचा आहे. मुलीचे लग्न, नातवाचा पहिला रोजा, निवृत्तीनंतरची हज, हे सगळे या दहा, नऊ, सहा वर्षांत येते.

तुमच्या ओळखीत मागच्या वर्ष-दोन वर्षांत सिगारेट सोडलेला एक तरी माणूस असेल. तो भाऊ असेल, शेजारचे चाचा असतील, ऑफिसातला मित्र असेल. या आठवड्यात त्याला फोन करा. 'अजून टिकून आहेस ना?' असे दरडावून विचारू नका. 'कसे चालले आहे, कुठे अवघड जाते?' एवढे विचारा आणि ऐकून घ्या. आणि पुढच्या लग्नात कुणी त्याच्यापुढे पाकीट धरले, तर त्याला नाही म्हणायची वेळ येऊ देऊ नका. तुम्हीच आधी हात आडवा घाला.